काळ्या मातीवरचे दोन खेळ

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला नवख्या विद्यार्थ्यांना जे सांघिक खेळ शिकवले जातात, त्यांत व्हॉलीबॉल सहसा असतोच, तर बास्केटबॉलची पाटी क्रीडांगणावर असलीच तरी फळ्याला कडे शाबूत असेल याची खात्री नसते. दोन्ही खेळ एकाच संस्थेच्या परंपरेतून, जेमतेम चार वर्षांच्या अंतराने जन्मले आणि जवळजवळ एकाच वाटेने भारतात आले. मग या जिल्ह्यात एक रुजला आणि दुसरा काठावरच राहिला, असे का झाले याचे उत्तर केवळ विद्यार्थ्यांच्या आवडीत सापडत नाही. त्यासाठी निजामी राजवटीतील शिक्षणाची घडी, प्रशिक्षित शिक्षक कोठून तयार होऊन येत याचा इतिहास, गोदावरी खोऱ्यातील मातीचा स्वभाव आणि एसटीचे वेळापत्रक एवढ्या गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या तासाला शिकवला जाणारा खेळ म्हणजे मूळच्या स्पर्धात्मक खेळाची उतरती, सोपी केलेली आवृत्ती, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात हे दोन्ही खेळ वर्गासाठीच घडवले गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए, म्हणजे तरुण ख्रिस्ती पुरुषांच्या संघटनेची प्रशिक्षणशाळा होती. तेथे १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे अठरा विद्यार्थ्यांचा एक नाराज वर्ग सोपवण्यात आला. बाहेर बर्फ असल्याने मैदानी खेळ बंद होते, आत चालणाऱ्या कवायतीला हे प्रौढ विद्यार्थी कंटाळले होते आणि त्याआधीच्या शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नवा खेळ शोधण्यासाठी दिलेली चौदा दिवसांची मुदत संपत आली, तेव्हा नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहून काढले आणि पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही कड्याची उंची ३.०५ मीटर आहे. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही, हा या नियमांचा कणा होता, कारण बंदिस्त जागेत धावणाऱ्याला अडवण्यासाठी अंगावर जाणे अपरिहार्य होते आणि नेमके तेच टाळायचे होते. चेंडू आपटत पुढे नेण्याची, म्हणजे ड्रिबलिंगची, तरतूद मूळ नियमांत नव्हती; ती खेळाडूंनी वाट काढत काढत निर्माण केली.

व्हॉलीबॉलचा उगम याहूनही बोलका आहे. स्प्रिंगफील्डच्याच प्रशिक्षणातून बाहेर पडलेला विल्यम मॉर्गन जवळच्या होल्योक गावी वायएमसीएचा शारीरिक शिक्षण संचालक झाला, आणि त्याच्या वर्गाला येणाऱ्या मध्यमवयीन व्यावसायिकांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही हे त्याच्या ध्यानात आले. १८९५ मध्ये त्याने टेनिसचे नेट साडेसहा फूट उंचीवर बांधले आणि दोन्ही संघांना त्याच्या दोन बाजूंना ठेवून अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच मिटवला. खेळाला त्याने दिलेले मिंटोनेट हे नाव दुसऱ्याच वर्षी बदलले. सुरुवातीच्या नियमांत खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नव्हती आणि चेंडू पलीकडे पाठवण्यापूर्वी कितीही वेळा मारता येत असे. सहा खेळाडूंचा नियम १९१८ मध्ये आणि तीन स्पर्शांचा नियम १९२० मध्ये आला. एका चेंडूवर अख्खा वर्ग खेळवण्याची ही मूळ सोय पुढे मराठवाड्यातील गर्दीच्या वर्गांत पुन्हा उपयोगी पडली. नियमपुस्तकाकडे बोट दाखवून तिला अशास्त्रीय म्हणणाऱ्यांना खेळाचा उगम ठाऊक नसावा, एवढेच म्हणता येईल.

भारतात हे खेळ वायएमसीएच्याच माणसांनी आणले. नेस्मिथ यांच्या पहिल्या अठरा विद्यार्थ्यांपैकी डंकन पॅटन याने १८९४ च्या सुमारास बास्केटबॉल भारतात आणला असे सांगितले जाते. परंतु एखादा खेळ कोणीतरी एकदा खेळून दाखवणे आणि तो शिकवणारी पिढी उभी राहणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कापले गेले ते मद्रासमध्ये. स्प्रिंगफील्डचेच पदवीधर असलेले हॅरी क्रो बक १९१९ मध्ये तेथे आले आणि १९२० मध्ये त्यांनी वायएमसीएची शारीरिक शिक्षणशाळा सुरू केली. कवायतीचा हुकूम सोडणारा निवृत्त फौजी शिपाई हाच शाळेचा व्यायामशिक्षक, अशी तोवरची रीत होती. बक यांच्या संस्थेने शरीररचना, आरोग्यशास्त्र, अध्यापनपद्धती आणि सांघिक खेळ यांचे शिक्षण घेतलेला शिक्षक तयार करण्यास आरंभ केला. तेथून बाहेर पडलेले शिक्षक दक्षिणेतील संस्थानांत आणि प्रांतांत पसरले आणि त्यांच्याबरोबर बास्केटबॉल व व्हॉलीबॉलही गेले.

परभणीच्या दृष्टीने ही मद्रासची वाट महत्त्वाची आहे, कारण १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यात होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सेलू, परभणी आणि पूर्णा या स्थानकांवरून जात असे, आणि शिक्षणखाते, परीक्षा, नेमणुका यांची सूत्रे हैदराबादहून हलत. त्या शहरात शारीरिक शिक्षणाचे सरकारी महाविद्यालय १९३० च्या दशकात उभे राहिले. मुंबई इलाख्यातील तशीच सरकारी संस्था कांदिवली येथे १९३८ मध्ये सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेर येथे स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुणे, सातारा, बडोदे आणि अमरावती या पट्ट्यात शारीरिक शिक्षणाचा दुसरा, देशी प्रवाह जोमात होता: अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, आणि हुतूतू व खो-खो यांचे नियम बांधण्याचे कामही याच प्रदेशात झाले. परभणी भाषेने या पट्ट्याशी बांधलेली, पण कारभाराने हैदराबादशी. त्यामुळे सरकारी शाळेच्या पटांगणावर कवायत व पाश्चात्त्य खेळ आणि गावाच्या तालमीत कुस्ती, लाठी, मल्लखांब, अशी दुहेरी रचना येथे तयार झाली असावी, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे.

या दुहेरीपणाला राजकीय धार होती. संस्थानात सार्वजनिक सभांवर गश्ती क्रमांक ५३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानाचे निर्बंध होते, खासगी शाळा काढण्यास परवानगी लागे आणि आखाड्यांकडेही संशयाने पाहिले जाई. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागे असे निर्बंध हेही एक कारण होते. जेथे तालीम हीच चळवळीची जागा ठरू शकते, तेथे नेटच्या दोन बाजूंना उभे राहून खेळायचा परदेशी खेळ राज्यकर्त्यांना निरुपद्रवी वाटला तर त्यात नवल नाही. उलट राष्ट्रीय शिक्षणाच्या विचारांनी चालणाऱ्या खासगी मराठी शाळांत देशी व्यायामाला मानाचे स्थान होते. व्हॉलीबॉल हा सरकारी आणि कुस्ती ही आपली, अशी सरळ विभागणी मात्र करता येत नाही. माणसे दोन्हीकडे तीच होती, आणि सकाळी जोर काढणारा मुलगा संध्याकाळी नेटजवळ उभा राहण्यास काही हरकत नव्हती.

परभणीत महाविद्यालयीन शिक्षण फार उशिरा आले. निजामी काळात येथील विद्यार्थ्याला शालेय शिक्षणानंतर औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. परभणीत १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले, त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतरच्या काळात परभणीचे श्री शिवाजी महाविद्यालय, सेलूचे नूतन महाविद्यालय यांसारख्या संस्थांनी पदवीचे शिक्षण जिल्ह्यात आणले. १९७२ मध्ये कृषी महाविद्यालयाभोवती मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. कृषी महाविद्यालयाचा वेगळेपणा येथे लक्षात घ्यावा लागतो: तेथे वसतिगृह होते, जमीन मुबलक होती आणि विद्यार्थी संध्याकाळी आवारातच असत. इतर महाविद्यालयांत संध्याकाळचे मैदान ओस पडण्याचे कारण आळस हे नसून शेवटची एसटी हे होते. जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील खेड्यांतून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला तास संपताच स्थानक गाठावे लागे, आणि म्हणून त्याचा खेळाशी संबंध वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाच्या तासापुरताच राहिला. खेळाचे जे काही शिकायचे ते त्या तासातच शिकायचे, ही मर्यादा नवख्यांच्या शिक्षणाचे स्वरूप ठरवणारी होती.

आता मातीविषयी. जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेल्या काळ्या कसदार जमिनीचा आहे. कापसाला आणि ज्वारीला ती मानवते, क्रीडांगणाला मुळीच नाही. पावसात ती फुगते आणि पायाला चिकटते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि या फुगण्या-आकसण्यात नेटचे खांब कलतात. म्हणून येथे क्रीडांगण करणे म्हणजे आधी वरची काळी माती काढून मुरूम भरणे, पाणी मारणे, रोलर फिरवणे आणि मग फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, रेषा आखणे. व्हॉलीबॉलला एवढे पुरते. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद पट्टा, दोन लोखंडी नळ्या किंवा वासे, नेट आणि एक चेंडू असला की खेळ उभा राहतो. चेंडू जमिनीला टेकला की चढाओढच संपते, त्यामुळे जमीन किती सपाट आहे याचा खेळाच्या ओघाशी फारसा संबंध येत नाही. क्रीडांगण उत्तर-दक्षिण आखले म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन कोणत्याच संघाच्या डोळ्यांवर येत नाही.

बास्केटबॉलचे गणित नेमके उलटे आहे. तेथे चेंडू जमिनीवरून उसळला पाहिजे, आणि तोही विश्वासाने उसळला पाहिजे; दीर्घकाळ प्रचलित असलेल्या नियमानुसार १.८० मीटरवरून सोडलेला चेंडू १.२० ते १.४० मीटर उसळावा लागे. सैल मुरुमावर तो एकदा गुडघ्यापर्यंत येतो आणि एकदा खड्याला लागून भलतीकडे जातो, आणि नवख्याला वाटते की चूक आपल्या हाताची आहे. अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद काँक्रीटचे अंगण, भक्कम खांब आणि फळे यांचा खर्च ग्रामीण महाविद्यालयाच्या क्रीडानिधीला न पेलणारा होता. कच्च्या जमिनीवर बास्केटबॉल खेळताच येत नाही असे नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच अधिकृतपणे आला तेव्हा सामने उघड्यावर, वाळू व मातीच्या अंगणावर झाले, अंतिम सामन्याला पाऊस आला आणि चिखलात ड्रिबलिंग अशक्य झाल्याने अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी हरवले. खुद्द नेस्मिथ या स्पर्धेला उपस्थित होते. चेंडू न आपटता केवळ पासवर खेळणे हा मूळ नियमांना धरून असलेला खेळ आहे, आणि खडबडीत मैदान असलेल्या महाविद्यालयाने नवख्यांना आधी तोच शिकवला तर ते इतिहासाला सोडून होणार नाही.

साधनांचा प्रश्नही होता. फाळणीपूर्वी भारतातील क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. फाळणीनंतर तेथील कारागीर जालंधर व मेरठ येथे स्थिरावले आणि देशभरच्या शाळा-महाविद्यालयांना चेंडू तेथून येऊ लागले. कातडी चेंडूच्या आत रबरी ब्लॅडर असे आणि तोंड वादीने, म्हणजे कातडी दोरीने, आवळावे लागे. मुरुमावर कातडे लवकर घासले जाई, पावसात फुगून जड होई. अशा चेंडूवर बोटांनी पास देण्याचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याची बोटे मुरगळत असतील तर त्यात त्याचा फारसा दोष नव्हता.

नवख्याला काय शिकवायचे, हेही काळाबरोबर बदलत गेले आहे. व्हॉलीबॉलच्या जुन्या शिक्षणात पहिला पाठ वरच्या पासचा, म्हणजे कपाळासमोर दोन्ही हातांच्या बोटांनी चेंडू उचलण्याचा असे. जोडलेल्या मनगटांच्या वरच्या भागावर चेंडू घेण्याचा, आज अंडरहँड पास म्हणून ओळखला जाणारा प्रकार १९५० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व युरोपीय संघांकडून पुढे आला, आणि १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला तोवर तो जगभर पोचला होता. भारताचा पुरुष संघ याच काळात जोरात होता: आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने १९५८ मध्ये कांस्य आणि १९६२ मध्ये रौप्य पदक मिळवले. त्यामुळे आज महाविद्यालयात पहिल्याच दिवशी शिकवला जाणारा अंडरहँड पास मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या शिक्षकांना स्वतःच नव्याने शिकावा लागला असणार. गुणपद्धतीतील बदल याहून मोठा ठरला. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे आणि पंधरा गुणांचा डाव कितीही लांबे. शतकाच्या अखेरीस प्रत्येक चढाओढीला गुण आणि पंचवीस गुणांचा डाव ही पद्धत आल्यावर सामना किती वेळ चालेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी झालेल्या या बदलाचा फायदा तासाच्या चौकटीत खेळ बसवू पाहणाऱ्या शिक्षकालाही झाला.

ग्रामीण विद्यार्थी मैदानावर अगदी कोरा येतो, असेही नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत शूटिंग व्हॉलीबॉल किंवा शूटिंगबॉल नावाचा खेळ खेळला जातो. त्यात चेंडू बोटांनी उचलून सहकाऱ्याकडे देण्यापेक्षा दोन्ही मुठी जोडून तो जोराने थेट नेटपलीकडे पाठवण्यावर भर असतो, आणि गावोगावच्या स्पर्धांत तो मोठ्या ईर्ष्येने चालतो. हा खेळ खेळून आलेल्या मुलाची नजर आणि पायांची हालचाल तयार असते, परंतु आलेला चेंडू लगेच परत मारण्याची सवय त्याच्या अंगात भिनलेली असते. पहिला स्पर्श घेणाऱ्याचा, दुसरा उचलणाऱ्याचा, तिसरा मारणाऱ्याचा ही साखळी त्याला पुन्हा शिकावी लागते. अशा विद्यार्थ्याला साफ नवखा समजून शिकवणे ही शिक्षकाची चूक ठरते, कारण त्याला नवे कौशल्य देण्याआधी जुने आवरायला शिकवावे लागते. रोटेशनचेही तसेच आहे: सर्व्हिस परत मिळाली की प्रत्येक खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा सरकतो, त्यामुळे उंच मुलाला कायम पुढे आणि बुटक्याला कायम मागे ठेवता येत नाही.

मुलींच्या खेळाचा इतिहास वेगळा लिहावा लागेल. बास्केटबॉल जन्मल्यानंतर काही महिन्यांतच, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ महाविद्यालयातील मुलींना शिकवला. मात्र अंगण तीन भागांत वाटून प्रत्येकीला आपल्याच भागात राहण्याचे बंधन घातले, कारण जास्त धावणे स्त्रीसुलभ नाही अशी तेव्हाची समजूत होती. भारतात या समजुतीने दुसरे रूप घेतले. मुलींना थ्रोबॉल, म्हणजे झेलून फेकण्याचा नेटवरील खेळ, किंवा रबरी रिंगचा खेळ द्यायचा आणि व्हॉलीबॉलचे मैदान मुलांकडे ठेवायचे, ही वाटणी कोणत्याही नियमावलीत नसताना अनेक ठिकाणी रूढ झाली. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. अडचण या एकोणीस सेंटिमीटरची नव्हती, एकच नेट कोणत्या तासाला कोणाला मिळते याची होती.

अलीकडे या शिक्षणाला नवी चौकट मिळाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या पदवीच्या रचनेत सहशालेय उपक्रमांना श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुणभार, देण्यात आले आहेत, आणि त्यांत राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, योग यांच्या बरोबरीने क्रीडाही आहे. श्रेयांक आला की मूल्यमापन आले, आणि जो विद्यार्थी संघात कधीच निवडला जाणार नाही त्याच्या खेळाला गुण कसे द्यायचे हा प्रश्न प्रथमच गंभीरपणे पुढे आला. यासाठी शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमांत शिकवल्या जाणाऱ्या जुन्या कौशल्य-कसोट्या उपलब्ध आहेत. १९३४ च्या जॉन्सन कसोटीत कड्यात चेंडू टाकण्याचा वेग, अचूक फेक आणि ड्रिबलिंग मोजले जाते, तर १९४५ च्या ब्रेडी कसोटीत भिंतीवर साडेअकरा फुटांवर आखलेल्या रेषेच्या वर एका मिनिटात किती वेळा चेंडू मारता येतो हे पाहिले जाते. पहिलीला पक्के अंगण आणि धड कडे लागते. दुसरीला गुळगुळीत, उंच आणि जवळ खिडकी नसलेली भिंत पुरेशी असते, आणि अशी भिंत बहुतेक महाविद्यालयांच्या इमारतीला कोठेतरी सापडते.